नगरपरिषदेचं एक वर्ष : ठराव कुठे होतो आणि आपला विषय कुठे अडतो

कोल्हापूर जिल्ह्यात जयसिंगपूर, कागल, गडहिंग्लज, मुरगूड, कुरुंदवाड, हुपरी, शिरोळ, पेठवडगाव, मलकापूर आणि पन्हाळा या दहा नगरपरिषदा आहेत, आणि आजरा, चंदगड, हातकणंगले या तीन नगरपंचायती. इचलकरंजी २०२२ साली महानगरपालिका झाली. या प्रत्येक गावात आपले मोहल्ले आहेत, मशिदी आहेत, कब्रस्तानं आहेत, आणि नगरपरिषदेच्या गाळ्यांत दुकानं थाटून बसलेली आपली माणसंही आहेत. तरी "नगरपालिकेत नेमकं काय ठरलं?" असं विचारलं की बहुतेक घरांत एकच उत्तर मिळतं : नगरसेवकाला विचारा.

हा लेख त्या उत्तराच्या पुढे जाण्यासाठी आहे. वर्षभरात नगरपरिषद कोणते निर्णय घेते, कधी घेते, कोणत्या कागदावर घेते आणि आपण नेमकं कधी तिथं पोहोचायला हवं, एवढंच यात आहे. राजकारण कुणाचं चांगलं, कुणाचं वाईट, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

चार वर्षांचा खंड

जिल्ह्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मागची निवडणूक २०१६ च्या अखेरीस झाली होती. तिची मुदत २०२१ च्या शेवटी, २०२२ च्या सुरुवातीला संपली आणि त्यानंतर ओबीसी आरक्षणाचा खटला सुप्रीम कोर्टात अडकल्यामुळे जवळपास चार वर्षं निवडणूकच झाली नाही. या काळात सगळा कारभार प्रशासकाकडे होता. सभा प्रशासकाची, सूचक-अनुमोदक कुणी नाही, विरोध करणारा कुणी नाही. ठराव होत राहिले, पण ते झाले हे लोकांना कळायचं ते रस्ता खोदल्यावर किंवा बिल हातात पडल्यावर.

६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं निवडणुका घ्या असा आदेश दिला. २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, मतमोजणी लांबून २१ डिसेंबरला झाली. नगराध्यक्ष या वेळी थेट जनतेतून निवडले गेले. ही थेट निवडणुकीची पद्धत आपल्याकडे येते-जाते अशी आहे : २००१ ला आली, २००६ ला गेली, २०१६ ला परत आली, २०२० ला रद्द झाली, २०२२ ला पुन्हा लागू झाली. थेट निवडून आलेला नगराध्यक्ष एका गटाचा आणि सभागृहातलं बहुमत दुसऱ्या गटाचं, असं घडू शकतं. तसं झालं की ठराव रेंगाळतात. आपल्या गावात हे गणित कसं आहे ते आधी पाहून ठेवा, कारण विषय मांडायला कुणाकडे जायचं हे त्यावरच ठरतं.

'क' वर्गाच्या लहान नगरपरिषदेत आता किमान २० निवडून आलेले सदस्य असतात. त्यात निम्म्या जागा महिलांच्या. स्वीकृत सदस्य वेगळे, २० जागांच्या परिषदेत ते २ असतात. मोमीन, कुरेशी, पिंजारी, बागवान अशा ओबीसी यादीतल्या मुस्लिम बिरादऱ्यांतून राखीव जागेवर उभं राहता येतं, पण जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत द्यावंच लागतं. निवडून येऊन त्या एका कागदापायी पद गेलेली माणसं महाराष्ट्रात कमी नाहीत. ज्यांच्या घरात पाच वर्षांनी कुणी उभं राहणार असेल, त्यांनी पडताळणीची फाइल आत्ताच लावावी. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेलं असेल तर उमेदवारीच बाद होते, हेही विसरू नये.

सभा म्हणजे काय

नगरपरिषदेचा सगळा व्यवहार १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमावर चालतो. या कायद्याच्या ८१ व्या कलमानुसार दर दोन महिन्यांत एक सर्वसाधारण सभा झालीच पाहिजे. तिची नोटीस सात पूर्ण दिवस आधी, आणि विशेष सभेची तीन पूर्ण दिवस आधी. नोटिशीबरोबर विषयपत्रिका असते, जिला सगळे अजेंडाच म्हणतात. एक चतुर्थांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर नगराध्यक्षांना विशेष सभा बोलवावी लागते. म्हणजे २० जणांच्या सभागृहात पाच नगरसेवक एकत्र आले तरी विषय सभेपुढे आणता येतो. ही ताकद फारशी वापरली जात नाही.

सभा लोकांना खुली असते. तुम्ही मागं बसून ऐकू शकता, बोलू मात्र शकत नाही. कोल्हापूरकडच्या गावांत सभा ऐकायला पत्रकार सोडले तर सहसा कुणी जात नाही. पाच-सहा माणसं मागं बसलेली असली की सभागृहाचा सूर बदलतो.

अजेंड्यावर शेवटी एक ओळ असते : "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". या ओळीकडे लक्ष ठेवा. आदल्या रात्रीपर्यंत कुणाला माहीत नसलेला विषय इथून आत शिरतो आणि चहा येईपर्यंत मंजूर होतो. आपल्या बाजूचा विषय असला तर आपण खूश होतो, विरोधातला असला तर ओरडतो. खरं तर दोन्ही वेळी ते घातकच आहे. ऐनवेळी झालेल्या ठरावावर हरकत आली तर जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली तो स्थगित करू शकतात. कब्रस्तानच्या भिंतीचा ठराव ऐनवेळच्या विषयात झाला आणि पुढं कुणी तक्रार केली, तर काम तिथंच थांबतं. म्हणून आपला विषय रीतसर अजेंड्यावरच यावा असा आग्रह धरा.

सभा झाली की इतिवृत्त लिहिलं जातं. ठरावाला क्रमांक आणि तारीख असते. "आपलं काम मंजूर झालंय" असं कुणी सांगितलं तर पहिला प्रश्न हाच : ठराव क्रमांक किती? क्रमांक सांगता आला नाही तर काम मंजूर झालेलं नाही, असं समजायला हरकत नाही. इतिवृत्ताची प्रत माहिती अधिकारात मिळते. अर्जाला १० रुपये फी, प्रतीला पानामागे २ रुपये, मुदत ३० दिवस.

फेब्रुवारी : पैसा कुठल्या डोक्याखाली

वर्षातली सगळ्यांत महत्त्वाची सभा अर्थसंकल्पाची, जी फेब्रुवारी महिन्यात विशेष सभा म्हणून होते. नगरसेवकांची भाषणं, सभात्याग, घोषणा हे सगळं पेपरात येतं. पण कामाचं असतं ते जाडजूड बजेटचं पुस्तक, आणि त्यातलं लेखाशीर्ष.

कब्रस्तान, स्मशानभूमी, दफनभूमी यांची देखभाल हे नगरपरिषदेचं बंधनकारक काम आहे. १९६५ च्या कायद्यात मृतांच्या विल्हेवाटीच्या जागा मिळवणं, राखणं आणि त्यांचं नियमन करणं हे कर्तव्यांच्या यादीत आहे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे १९९२ च्या ७४ व्या दुरुस्तीनं आलेल्या १८ विषयांच्या यादीतही दफन आणि दफनभूमी आहे. त्यामुळे कब्रस्तानसाठी मागणी करताना "मेहरबानी करा" असा सूर नको. रस्ता, गटार, दिवाबत्तीसारखीच ही मागणी आहे.

अडचण वेगळीच असते. बजेटमध्ये "स्मशानभूमी व दफनभूमी सुधारणा" असं एकच शीर्ष असतं, त्यात रक्कम धरलेली असते, आणि वर्षअखेर ती सगळी एकाच जागी खर्च झालेली दिसते किंवा पुनर्विनियोजन करून दुसऱ्याच कामाकडे वळवलेली असते. फेब्रुवारीच्या सभेआधी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतच, जमातीनं लेखी मागणी द्यायला हवी : अमुक सर्व्हे नंबरचं कब्रस्तान, अमुक मीटर संरक्षक भिंत, पाण्याची टाकी, दिवे, जनाजा नेण्यासाठी रस्ता. कामाचं नाव बजेटच्या पुस्तकात स्वतंत्र छापलं गेलं तर वर्षभर त्यावर बोट ठेवता येतं.

२०२६ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धात येतो. आपली माणसं रोजे, तरावीह, बाजार यांत असतात आणि बजेट तिकडं होऊन जातं. पुढची काही वर्षंही रमजान हिवाळ्याकडे सरकत बजेटच्या तयारीच्या दिवसांवरच येणार आहे. मागणीचं पत्र रमजानच्या आधी आवक झालेलं असलं पाहिजे.

उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आपल्या मोहल्ल्यात दिव्यांग व्यक्ती असेल तर तिची नगरपरिषदेत नोंद आहे का ते बघा. नोंद नाही म्हणून पैसे मिळत नाहीत आणि लाभार्थी नाहीत म्हणून निधी पडून राहतो, असं चक्र चालू असतं.

कब्रस्तानचा कागद

या विषयावर थोडं जास्त लिहितो, कारण गावोगावच्या जमातींचे सगळ्यांत जास्त खेटे इथंच पडतात.

जागा कुणाच्या नावावर आहे, हा पहिला प्रश्न. सातबारा किंवा सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड काढा. तिथं तीन-चार प्रकार सापडतात. कुठे सरकार किंवा नगरपरिषद मालक, आणि वापर कब्रस्तान. कुठे वक्फ मिळकत. कुठे संस्थानकाळातली इनाम जमीन, ज्यावर कुण्या मुजावर घराण्याचं नाव चालत आलंय. कुठे तर खासगी मालकाचं नाव अजून तसंच, आणि दफन मात्र शंभर वर्षं चालू. करवीर, कुरुंदवाड, कागल जहागीर असे वेगवेगळे कारभार इथं होऊन गेल्यामुळे कागदांची भाषाही गावागणिक बदलते. कुरुंदवाडसारख्या ठिकाणी जुने उतारे मोडीत असू शकतात, ते वाचून घ्यावे लागतात.

नगरपरिषदेची जागा असेल तर काम सरळ आहे. वक्फची असेल तर मुतवल्लींची संमती, आणि नोंदणीचा कागद. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्यानंतर केंद्राच्या उम्मीद पोर्टलवर मिळकतींची माहिती भरायची होती, त्याची सहा महिन्यांची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपली. आपल्या कब्रस्तानची माहिती भरली गेली का, कुणी भरली, क्षेत्र बरोबर टाकलं का, हे ट्रस्टींना स्पष्ट विचारा. सातबाऱ्यावर एक क्षेत्र आणि पोर्टलवर दुसरं, असं झालं तर उद्या नगरपरिषदेचा अभियंता मोजणी मागणार आणि भिंत तिथंच अडणार.

कागद हातात आला की अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्यायचा, आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्यायचा आणि त्याची एक प्रत प्रभागातल्या नगरसेवकांना द्यायची. तोंडी सांगितलेलं काम दुसऱ्या सभेपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही, यात कुणाचा दुष्टावा असतो असंही नाही.

मग ठराव. ठरावाचे शब्द नीट वाचा. "तत्त्वतः मान्यता देण्यात येत आहे" असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ कल्पना पसंत आहे, पैसे नाहीत. "निधी उपलब्धतेनुसार" म्हणजे पैसे आले तर बघू. "अमुक निधीतून, अमुक लेखाशीर्षाखाली खर्चास मान्यता" असं असेल तरच गाडी पुढं सरकते. त्यानंतर अभियंत्याचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि शेवटी ठेकेदाराला कार्यारंभ आदेश. यातल्या प्रत्येक टप्प्याला तारीख असते. कुठल्या टप्प्यावर फाइल आहे हे विचारलं तर उत्तर द्यावं लागतं, "काम चालू आहे" हे उत्तर नव्हे.

लहान नगरपरिषदेच्या स्वतःच्या तिजोरीत पगार, वीजबिल आणि कचऱ्याचा ठेका भागला की फार काही उरत नाही. मोठी कामं येतात ती नगरोत्थान, वित्त आयोग, जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी, वैशिष्ट्यपूर्ण कामांचं अनुदान अशा वाटांनी. अल्पसंख्याक विकास विभागाचीही अल्पसंख्याकबहुल नागरी क्षेत्रांसाठी योजना आहे, जिच्यातून कब्रस्तानची भिंत, ईदगाहच्या सुविधा, शादीखाना, पाणी, रस्ते अशी कामं घेता येतात. तिचा प्रस्ताव नगरपरिषदेच्या ठरावासह जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो. ठराव नसेल तर प्रस्ताव नाही. मंत्रालयात ओळख आहे म्हणून थेट मुंबई गाठणारे लोक परत येऊन आधी ठरावच शोधत बसतात.

जागाच पुरत नसेल, तर प्रश्न विकास आराखड्याचा होतो. नगरपरिषद प्रारूप आराखडा प्रसिद्ध करते तेव्हा हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. दफनभूमीचं नवं आरक्षण मागायची खरी वेळ हीच. एकदा आराखडा मंजूर झाला की वीस वर्षं बदल कठीण. आणि आरक्षण पडलं म्हणजे जमीन मिळाली असंही नाही. नगररचना कायद्याच्या १२७ व्या कलमानुसार दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. सरळ भाषेत सांगायचं तर नकाशावर हिरव्या-पिवळ्या रंगात दिसणारं कब्रस्तान एके दिवशी बिगरशेती प्लॉट होऊन जातं. आपल्या गावच्या आराखड्यात असं आरक्षण असेल तर ते कोणत्या साली पडलं, हे आजच बघा.

शिरोळ तालुक्यात यात आणखी एक गुंता आहे. कृष्णा आणि पंचगंगेच्या काठावरच्या गावांत २०१९ आणि २०२१ च्या महापुरानं सगळ्यांनाच शिकवलं. दोन्ही वेळा कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, जिथं धोक्याची पातळी ४३ फूट आहे. जिथून जनाजा नेता येत नाही अशी सखल दफनभूमी असेल तर पुराच्या दिवसांत पर्यायी उंच जागा कोणती, याचा ठराव मे महिन्यापूर्वी हवा. ऑगस्टमध्ये पाणी कमरेला लागल्यावर बैठक घेऊन उपयोग नसतो.

घरपट्टी

दर चार वर्षांनी मालमत्तांची फेरआकारणी होते. मोजणी करणारी माणसं येतात, घरात कुणी कर्ता माणूस नसतो, बायका दारातून उत्तर देतात, आणि वर बांधलेली पत्र्याची खोली पक्क्या बांधकामात जाते. नंतर यादी प्रसिद्ध होते, नोटीस निघते आणि हरकतीसाठी ३० दिवस मिळतात. हे ३० दिवस गेले की भांडण अवघड होतं. नोटीस आली की जुनं बिल, नवं बिल आणि घराची मापं घेऊन लेखी हरकत द्या, सुनावणीला स्वतः जा. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. वर्षाला २४ टक्के. सावकारही कधीकधी बरा.

मशीद, ईदगाह, दफनभूमी अशा केवळ सार्वजनिक उपासनेच्या आणि दफनाच्या जागांना करातून सूट आहे. पण मशिदीच्या खाली किंवा शेजारी भाड्यानं दिलेले गाळे असतील तर त्या भागाला कर लागतो, आणि तो ट्रस्टनं भरलाच पाहिजे.

आता जरा घरातली गोष्ट. वडील गेल्यावर नगरपरिषदेच्या कर आकारणी रजिस्टरला वारस नोंद करताना बऱ्याच घरांत फक्त भावांची नावं लागतात. बहिणींना "नंतर बघू" म्हणतात. घरपट्टीचा उतारा हा मालकीचा पुरावा नाही, तो फक्त कर कुणाकडून घ्यायचा याची नोंद आहे. त्यानं बहिणीचा शरीअतनं ठरवलेला हिस्सा संपत नाही. पण पुढं घर विकताना, कर्ज काढताना, योजनेत अर्ज करताना तोच उतारा पुढं केला जातो आणि बहीण बाहेर राहते. सगळ्या वारसांची नावं लावा. नगरपरिषदेच्या कारकुनानं "कशाला एवढी नावं" म्हटलं तरी लावा.

गाळे, हातगाडी, बाजार

नगरपरिषदेच्या शॉपिंग सेंटरमधले गाळे ही आपल्या समाजातल्या अनेक घरांची रोजीरोटी आहे. शिलाई, चप्पल, फळं, चिकन, मोबाइल दुरुस्ती, गॅरेज. गाळ्याचा करार संपत आला की भाडेवाढ किंवा फेरलिलाव असा ठराव येतो. कलम ९२ नुसार नगरपरिषदेला आपली मिळकत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची तर शासनाची पूर्वपरवानगी लागते. कराराची तारीख, मुदत, भाड्याच्या पावत्या सांभाळा. पोटभाडेकरू ठेवला असेल तर तो करारभंग ठरतो आणि लिलावाच्या वेळी पहिली कुऱ्हाड त्यावरच पडते.

फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. त्यात शहर फेरीवाला समिती असते, जिचे अध्यक्ष मुख्याधिकारी. समितीत ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांनी निवडलेले, त्यात एक तृतीयांश महिला, आणि अल्पसंख्याकांना योग्य प्रतिनिधित्व, असं कायद्यातच लिहिलंय. सर्वेक्षण झाल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही. प्रत्यक्षात लहान गावांत समिती कागदावर असते आणि हातगाडी उचलण्याचा निर्णय ट्रॅफिकच्या नावाखाली होतो. सर्वेक्षणात नाव आणि ओळखपत्र हाच तुमचा बचाव. स्वनिधी कर्जासाठीही हेच ओळखपत्र किंवा नगरपरिषदेचं शिफारसपत्र लागतं. २०२५ च्या बदलानंतर त्याचा पहिला हप्ता १५,००० रुपयांचा झालाय, वेळेत फेडला तर पुढं २५,००० आणि ५०,०००.

ईद, मोहरम आणि सणांचे निर्णय

२०२६ ची बकरी ईद मेच्या अखेरीस येते. कुर्बानीची तात्पुरती जागा, पाणी, कचरा उचलण्याच्या जादा गाड्या, पशुवैद्यकीय तपासणी याचे निर्णय आदल्या आठवड्यात घाईघाईत होतात आणि मग गैरसमज वाढतात. एप्रिलमध्येच पत्र द्या. मार्च २०१५ पासून राज्यात गायीबरोबरच बैल, वळू यांच्याही कत्तलीवर पूर्ण बंदी आहे, हे आता सगळ्यांना माहीत आहे. तरीही बाहेरगावाहून जनावर आणताना कागद, पावती, वाहतुकीचे नियम याबाबत हयगय नको. कोल्हापूरच्या सीमेवर कर्नाटकचा कायदा वेगळा आणि आणखी कडक आहे.

मांसविक्रीचा दुसरा विषय. १५ ऑगस्ट २०२५ ला कल्याण-डोंबिवली, मालेगाव, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा महापालिकांनी दुकानं बंद ठेवण्याचे आदेश काढले आणि राज्यभर वाद झाला. राज्य सरकारनं बोट दाखवलं ते १९८८ च्या जुन्या शासन निर्णयाकडे. त्या वेळी या सगळ्या महापालिकांत प्रशासक होते, सभागृह नव्हतं. असा निर्णय आपल्या नगरपरिषदेत आला तर तो सभेत चर्चेला यायला हवा, दुकानदारांचं म्हणणं नोंदवलं जायला हवं. कुरेशी बांधवांनी परवान्यांचं नूतनीकरण मार्चपर्यंत उरकून घ्यावं, परवाना संपलेल्या दुकानदाराचं म्हणणं कुणी ऐकत नाही.

मोहरम यंदा जूनच्या उत्तरार्धात. चंद्र एक दिवस मागंपुढं झाला तरी दहावी तारीख २६ जूनच्या शाहू जयंतीच्या आसपासच येते. कोल्हापूरकरांना हा योग वेगळा समजावून सांगायला नको. याच राजानं १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग काढलं, त्याचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं, आणि दसरा चौकातली ती वास्तू आजही उभी आहे. पंजे आणि ताबूत मिरवणुकीच्या मार्गावरच्या लोंबत्या वायरी, खड्डे, दिवे यांची यादी जूनच्या पहिल्या आठवड्यात नगरपरिषदेला द्यायची असते.

कुरुंदवाडमध्ये पाच मशिदींत गणपती बसतो, हे महाराष्ट्रभर माहीत झालंय. मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की टीव्हीवाले येतात, फोटो काढतात. त्यांना दिसत नाही ती त्यामागची बैठक : नगरपरिषद, पोलीस, मंडळं आणि मशिदीचे ट्रस्टी एका टेबलावर बसून वेळा ठरवतात. शांतता समितीच्या अशा बैठकीला आपल्याकडून दरवेळी तेच दोन बुजुर्ग जातात. एखादी तरुण मुलगी, एखादा शिकलेला पोरगाही जाऊ दे.

जन्म-मृत्यू नोंद

नगरपरिषदेचं हे काम ठरावाचं नाही, रोजचं आहे, पण २०२५ मध्ये ते एकदम गंभीर झालं. उशिरा नोंदवलेल्या जन्मांच्या दाखल्यांची राज्यात चौकशी सुरू झाली, जानेवारीत विशेष तपास पथक नेमलं गेलं, आणि जुन्या दाखल्यांवर प्रश्न उभे राहिले. जन्म २१ दिवसांत नोंदवायचा, हा नियम. एका वर्षापेक्षा जास्त उशीर झाला तर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळा, आधार, मतदार यादी अशा सगळ्या ठिकाणचा मुख्य पुरावा आहे. दाखल्यावर नाव कोरं ठेवू नका, आणि "मोहम्मद", "महंमद", "मोहमद" यापैकी काय लिहायचं ते घरात आधी ठरवा. एका अक्षरासाठी पुढं वर्षभर पळावं लागतं.

नगरपरिषदेच्या हातात नसलेलं

काही ठिकाणी नगरपरिषद हो म्हणाली तरी काम होत नाही. पन्हाळ्याचं बघा. २०११ च्या जनगणनेत तीन हजारांच्या घरात लोकसंख्या असलेली ही जिल्ह्यातली सगळ्यांत छोटी नगरपरिषद. गावच किल्ल्यात आहे, त्यामुळे संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीची अट. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोच्या यादीत मराठा लष्करी वारशाच्या १२ किल्ल्यांत पन्हाळाही आला. अभिमानाचीच गोष्ट, पण घराचं छप्पर बदलायचं असलं तरी पुरातत्त्व खात्याची फाइल लागते, आणि तिथं नगरसेवकाचा शब्द चालत नाही.

तसंच पाणंद रस्ते, गायरान, राज्यमार्ग, नदीची पूररेषा हे महसूल, बांधकाम किंवा पाटबंधारे खात्याचे विषय. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला तर सहा महिने जातात. अर्ज देताना "हा विषय आपल्या अखत्यारीत नसल्यास माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ६(३) नुसार वर्ग करावा" एवढं वाक्य माहिती अर्जात टाका, पाच दिवसांत तो पुढं पाठवावा लागतो.

वर्ष संपताना

ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ ढिला वाटतो, पण पुढच्या बजेटची जुळवाजुळव याच दिवसांत होते. विषय समित्या, म्हणजे बांधकाम, आरोग्य, पाणीपुरवठा, शिक्षण, महिला व बालकल्याण, आपापल्या मागण्या स्थायी समितीकडे देतात. समित्यांचे सभापती दरवर्षी नव्यानं निवडले जातात, त्यामुळे मागच्या वर्षी शब्द दिलेला सभापती आता त्या खुर्चीत असेलच असं नाही.

जमातीनं एक साधी वही ठेवली तरी पुरे. तारीख, अर्जाचा आवक क्रमांक, कुणाकडे दिला, सभेची तारीख, ठराव क्रमांक, लेखाशीर्ष, रक्कम, कार्यारंभ आदेश. सात-आठ रकाने. ट्रस्टी बदलले, सेक्रेटरी बदलला, कुणी मरहूम झालं, तरी वही पुढच्याकडे जाते आणि भिंत नेमकी कुठल्या साली, कुठल्या टेबलावर थांबली ते सापडतं.